वासित पाने : बारा वर्षांचा मागोवा

चैत्र सरत आला आणि गच्चीवरील मोगऱ्याच्या कुंड्यांत कळ्या धरू लागल्या, की कपाटातील निळ्या पुठ्ठ्याची एक वही दरसाल बाहेर निघते. २०१३ सालच्या जून महिन्यात ती मी सुरू केली, आणि तेव्हापासून घरी आलेल्या प्रत्येक सुवासिक चहाचा तपशील, म्हणजे जिन्नस कोणता, आणला कधी, पाने किती, पाणी किती तापलेले, झाकून किती मिनिटे ठेवले आणि जिभेला काय लागले, हे सारे बयाजवार नोंदण्याचा शिरस्ता मी पाळीत आले आहे. बारा वर्षांनंतर ही वही पहिल्या पानापासून सलग वाचीत असता जे एक सूत्र हाती लागले, ते लिहून ठेवावे एवढाच या मागोव्याचा हेतू आहे.

चहाला वास लावण्याची रीत आमच्या घरात नवी नव्हती. आधणात गवती चहाची गाठ मारलेली पाती, पावसाळ्यात ठेचलेले आले, थंडीत सुंठ, पाहुणे आले तर वेलदोडा, आणि घराबाहेर पडावे तो अमृततुल्याच्या पितळी पातेल्यातून येणारा तोच उकळता दरवळ, अशा वातावरणात मी वाढले. ज्या पेयाच्या पायी, पंचहौद मिशनमधील १८९० सालच्या चहापानावरून, पुण्यात टिळक-रानडे यांच्यासारख्यांवर ग्रामण्य उभे राहिले, तेच पेय पुढे घरोघरच्या दिनक्रमाचा आरंभ झाले. पण ते आमच्याकडे आले ते दूध-साखरेच्या सोबतीने. १९३०च्या सुमारास आसामात विल्यम मॅकर्चर यांनी पाने चुरून, फाडून, वळवून त्यांचे बारीक दाणे करणारे यंत्र सिद्ध केले, आणि पुढील काही दशकांत त्या यंत्रातून निघालेली, उकळण्यासाठीच योग्य अशी दाणेदार पूड आपल्या स्वयंपाकघरांत कायमची रुळली. अशा चहात आल्याचा किंवा वेलचीचा वास लागतो तो पेयाला. पानाला स्वतःचा गंध असतो आणि ते पान दुसऱ्याचा गंध आपल्या अंगी मुरवून घेऊ शकते, हे अनुभवण्याचा प्रसंगच आमच्यावर आलेला नव्हता.

तो प्रसंग परदेशाहून परतलेल्या एका मैत्रिणीने आणला. तिने दिलेल्या डब्यात बर्गमॉटच्या वासाचा, सुट्या पानांचा काळा चहा होता. सवयीप्रमाणे मी तो दूध-साखर घालून चांगला उकळला, आणि वहीतील पहिली नोंद झाली ती अशी : ‘साबणासारखा. कडवट.’ दोष चहाचा नव्हता, हे उमजायला काही महिने जावे लागले. बर्गमॉट हे लिंबाच्या कुळातील फळ असून त्याची लागवड मुख्यत्वे इटलीच्या कॅलाब्रिया प्रांतात होते. त्याच्या सालीचे तेल काळ्या पानांवर चढवले जाते, आणि ते इतके चंचल असते की पातेल्यात पाच मिनिटे उकळताच त्याचा मोहक अंश वाफेबरोबर निघून जातो व मागे उरतो तो केवळ कडूपणा. ज्या अर्ल ग्रे यांचे नाव या चहाला मिळाले ते १८३० ते १८३४ या काळात इंग्लंडचे पंतप्रधान होते. कोणा चिनी अधिकाऱ्याने त्यांना ही कृती नजर केल्याची जी कथा सांगितली जाते ती दंतकथाच होय; मात्र ईस्ट इंडिया कंपनीचा चीनशी असलेल्या व्यापाराचा मक्ता त्यांच्याच कारकीर्दीत, १८३३च्या कायद्याने, संपुष्टात आला, ही गोष्ट इतिहासाच्या दप्तरात नोंदलेली आहे.

पहिली तीन वर्षे केवळ संग्रहाची गेली. गुलाब, व्हॅनिला, आंबा, संत्रे, चॉकलेट, जे जे दिसेल ते ते आणावे, डबा उघडताच येणाऱ्या दरवळाने हरखून जावे, आणि वहीचे पान भरावे. आज त्या नोंदी वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते, ती ही की त्यांतील बहुतेकींत नाकाचे वर्णन दीर्घ आणि जिभेचे त्रोटक आहे. ‘डब्यात आंबा, कपात नुसता तुरटपणा’ हे वाक्य थोड्याफार फरकाने सात वेळा आले आहे. वरून लावलेला अर्क पहिल्या पाण्यातच उतरून जाई, आणि त्याच पानांवर दुसरे पाणी घातले असता खालचे सामान्य पान उघडे पडे. चांगल्या पानाला कोणी असा गडद वास सहसा लावीत नाही, हे मला त्या नोंदींनीच शिकवले.

२०१६च्या पावसाळ्यात घडलेली एक चूक या सर्व अभ्यासाला कलाटणी देणारी ठरली. दार्जिलिंगच्या पहिल्या बहराची शंभर ग्रॅम पाने मी मोठ्या हौसेने आणली होती. त्यांची कागदी पिशवी फडताळात, मसाल्याच्या डब्यांच्या शेजारी, महिनाभर राहिली. पुढे एका सकाळी त्या पानांवर पाणी घातले आणि झाकण काढले तो कपातून जो वास आला तो फोडणीच्या हिंगाचा होता. पाने डोळ्यांना पूर्ववतच हिरवट-तपकिरी दिसत होती, हाताला कोरडी लागत होती, आणि तरीही त्यांच्या अंगोअंगी हिंग भिनले होते. उन्हात पसरली, मंद तव्यावर शेकली. काही इलाज चालला नाही. मन खट्टू झाले; परंतु त्याच दिवशी प्रथम लक्षात आले की वाळलेले पान हे विलक्षण ग्रहणशील असते; शेजारी जे असेल त्याचा गंध व ओलावा ते निमूटपणे शोषून घेते, आणि भले-बुरे यांत भेद करणे त्याला जमत नाही. चिनी वूयी पर्वतातील तोंगमू गावचा पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला चहा याच गुणामुळे धुराला आपलेसे करतो, आणि माझ्या फडताळातील पानांनी याच गुणामुळे हिंगाला जवळ केले. ज्या स्वभावामुळे चहा नासतो त्याच स्वभावामुळे तो सुवासिक होतो, तेव्हा जबाबदारी पानाची नसून त्याला संगत देणाऱ्याची आहे. त्या दिवसापासून घट्ट झाकणाचे पत्र्याचे डबे आले, प्रत्येक सुवासाला स्वतंत्र डबा ठरला, आणि मसाल्यापासून चहाची कायमची फारकत झाली.

यानंतरच्या वर्षांत आधणाकडे लक्ष गेले. चहा पारखणाऱ्या व्यावसायिकांसाठी १९८० साली ठरवलेले एक आंतरराष्ट्रीय मानक आहे : शंभर मिलिलिटर उकळत्या पाण्यास दोन ग्रॅम पाने आणि सहा मिनिटे. त्यात आनंदाची तजवीज नाही. सर्व नमुने एकाच कसोटीस लागून त्यांचे गुणदोष समोर यावेत हा त्याचा उद्देश आहे. घरी पिण्यासाठी हे माप कठोर पडते. मोगऱ्याने वासवलेल्या हिरव्या चहास दीडशे मिलिलिटर पाण्यात अडीच ग्रॅम पाने, सुमारे ऐंशी अंशांचे पाणी आणि दोन मिनिटे. बर्गमॉटच्या काळ्या चहास उकळी येऊन किंचित निवलेले पाणी आणि तीन मिनिटे. हे माझे मोजमाप अनेक फसलेल्या कपांनंतर स्थिरावले. उष्णतामापक हाताशी नसेल तर बुडबुड्यांची भाषा उपयोगी पडते. आठव्या शतकातील चिनी ग्रंथकार लू यू यांनी पाण्याच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत : प्रथम माशाच्या डोळ्यांएवढे बुडबुडे, मग भांड्याच्या कडेने मोत्यांच्या सरींसारखी रांग, आणि शेवटी उसळणाऱ्या लाटा. हिरव्या पानांसाठी मी पहिल्या अवस्थेनंतर लगेच गॅस बंद करते. दोन पांढरे कप शेजारी ठेवून, एकात साधे पान आणि दुसऱ्यात तेच पान वासवलेले, अशी आळीपाळीने चव घेतली की सुवासाने पानात भर घातली की त्याला झाकून टाकले, याचा निवाडा एका घोटात होतो.

हा निवाडा काही माझ्या एकटीपुरता नाही. याच लू यू यांनी चहात आले, कांदा, संत्र्याची साल, पुदिना घालून उकळण्याच्या तत्कालीन रिवाजाची कठोर निर्भर्त्सना केली आहे. अकराव्या शतकात फूजियान प्रांतात अधिकारी असलेल्या त्साय श्यांग यांनी नमूद केले आहे की दरबारी नजराण्याच्या चहात कापरासारखे सुगंधी द्रव्य मिसळत असत, पण जेथे तो चहा पिकत असे तेथील लोक स्वतःच्या चहात काहीही घालीत नसत, कारण त्यामुळे पानाचा खरा गंध हिरावला जाईल अशी त्यांना धास्ती वाटे. १३९१ साली मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने दाबून केलेल्या वड्यांचा नजराणा हुकुमाने बंद करून सुटी पाने पाठवण्यास फर्मावले, आणि सुट्या पानांचे युग सुरू झाले. सुटे पान हवेला, ओलाव्याला आणि फुलाला सर्वांगाने सामोरे जाते. म्हणूनच पुढील काळात फुलांनी चहा वासवण्याची कला बहरली. कापूर मिसळणे आणि फुलाच्या सहवासात पान ठेवणे यांत जो भेद आहे, तोच माझ्या वहीतील आंब्याच्या अर्कात आणि मोगऱ्याच्या चहात होता.

या कलेचे माहेरघर म्हणजे फूजियानमधील फूचौ नगर. तेथील मोगरा आणि चहा यांच्या परंपरेला २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाच्या कृषिवारशात स्थान दिले. आणि ते फूल आमच्या गच्चीवरील मोगराच होय. वनस्पतिशास्त्राला दोन्हींसाठी एकच नाव पुरते. चिनी भाषेत त्याला ‘मोली’ म्हणतात, आणि हा शब्द संस्कृत ‘मल्लिका’वरून आला असे भाषापंडित मानतात. चहाची पाने वसंतात खुडून, वाळवून, मोगऱ्याच्या बहराची वाट पाहत उन्हाळ्यापर्यंत ठेवली जातात. कळ्या दुपारनंतर तोडाव्या लागतात, त्या दिवशी रात्री उमलणार अशा टपोऱ्या आणि पांढऱ्या. कारण या फुलाचा परिमल उमलण्याच्या घटकेला सुटतो, आधी नाही आणि फार नंतरही नाही. रात्री पाने आणि उमलू लागलेल्या कळ्या एकत्र करून ढीग रचतात. फुले श्वास घेतात, ढीग आतून तापू लागतो, आणि तो फार तापून पान आंबू नये म्हणून मध्यरात्री उकरून, पसरून निववावा लागतो. पहाटे फुले चाळून बाजूला काढतात आणि ओलावलेली पाने पुन्हा मंद आचेवर वाळवतात, जेणेकरून ती पुढच्या फुलांसाठी पुन्हा तहानलेली व्हावीत. उत्तम प्रतीच्या चहासाठी ताज्या फुलांनिशी हा सारा क्रम पाच, सहा, सात वेळा होतो. बाजारातील स्वस्त पुड्यांत ज्या वाळक्या पाकळ्या दिसतात त्या बहुधा शोभेपुरत्याच असतात. आपले देणे देऊन झालेल्या फुलात सुवास उरलेला नसतो.

ही पद्धत वाचताना मला फुलेलाची आठवण झाली. तिळांवर चमेलीच्या ताज्या फुलांचे थर पुनःपुन्हा देऊन, ते तीळ वासवून, मगच त्यांचे तेल काढण्याची आपल्या देशातील रीत याच तत्त्वावर चालते. आणि वराहमिहिराने बृहत्संहितेत गंधयुक्तीला स्वतंत्र अध्याय दिला आहे, यावरून या विद्येची प्रतिष्ठा ध्यानी येते. तेव्हा हे आपणही करून पाहावे, असे मनाने घेतले.

२०२०च्या वैशाखात पहिला प्रयत्न केला. कांगड्याची पन्नास ग्रॅम हिरवी पाने घेतली. बाजारच्या कळ्यांवर औषध फवारलेले असण्याचा संभव, म्हणून घरच्याच कळ्या वापरल्या. आणि अधिक काळ ठेवल्यास अधिक वास येईल या समजुतीने दोन दिवस त्या बरणीत तशाच राहू दिल्या. तिसऱ्या दिवशी बरणीतून आंबूस वास आला आणि पानांवर बुरशीचा पांढरा तंतू दिसला. पुढच्या वर्षी फुले सकाळी काढली, पण पाने वाळवण्यात हयगय केली. वास आला, तोही आठ दिवसांत उतरला. तिसऱ्या वर्षी संध्याकाळी पाच वाजता कळ्या खुडल्या, मातीच्या पसरट भांड्यात एक थर पानांचा व एक थर कळ्यांचा असा रचला, वर ओलसर नव्हे तर कोरडी मलमल घातली, झोपण्यापूर्वी एकदा सारे खालीवर केले, पहाटे पिठाच्या चाळणीने फुले वेगळी काढली, आणि तवा तापवून, गॅस बंद करून, त्याच्या उरलेल्या उबेवर पाने हाताला खळखळीत लागेपर्यंत फिरवली. असे पाच रात्री केले. पाचव्या सकाळी चाळणीत उरलेली फुले तपकिरी, लिबलिबीत आणि निर्गंध होती. पाने पाहिली तर तशीच हिरवी, जणू काही घडलेच नव्हते. मात्र त्यांवर तिसरे पाणी घातले तेव्हाही मोगरा हजर होता.

आज मागे पाहता बारा वर्षांचे सार मला त्या पाच रात्रींत दिसते. वास चढवण्याची घाई असते तेथे तो वरवर राहतो. पान तहानलेले, फूल ऐन उमलते आणि दोघांची ताटातूट वेळेवर, या तीन गोष्टी साधल्या की सुवास पानाचाच होऊन बसतो. गवती चहा आणि आले यांचे उकळते पातेले मी सोडलेले नाही, सोडणारही नाही. परंतु ज्या पानाने अंधारात, निवांतपणे एक संस्कार पत्करला, त्याच्याशी तितक्याच निवांतपणे वागावे लागते, एवढे भान आता हाताला आले आहे.

या वैशाखात आईला त्या चहाचा एक कप दिला. ब्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात तिने दुधाविना चहा कधी घेतलेला नव्हता. तिने सवयीने तो बशीत ओतला, फुंकर घातली, एक घोट घेतला आणि बशी तशीच हातात धरून थांबली.

“अगं, हे तर आमच्या वाईच्या माठातलं पाणी!” ती म्हणाली. “उन्हाळ्यात माझी आई रात्री माठात मूठभर मोगरा टाकायची, आणि उजाडायच्या आत फुलं काढून घ्यायची. राहिली तर पाणी उतरतं, म्हणायची.”

त्या दिवशीच्या नोंदीत वजन, उष्णता आणि मिनिटे लिहून झाली, आणि चवीच्या रकान्यात मी आईचेच शब्द उतरवले : वाईच्या माठातले पाणी.