फोर्स ट्रॅव्हलरची डिझेल इंजिने व गिअरबॉक्स

फोर्स ट्रॅव्हलर ही पुणे येथील फोर्स मोटर्स या कंपनीची डिझेलवर चालणारी प्रवासी व्हॅन आहे. 'टेम्पो ट्रॅव्हलर' हे तिचे जुने नाव लोकांच्या तोंडी आजही रूढ आहे. १९८७ मध्ये बाजारात आलेल्या या गाडीचे उत्पादन मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे होते. शाळेची गाडी, रुग्णवाहिका, वऱ्हाडाची किंवा अष्टविनायक यात्रेची भाड्याची गाडी अशा नाना रूपांत ती महाराष्ट्रात दिसते. तिची बाह्य ठेवण तीन दशकांत ओळखू न येण्याइतकी कधीच बदलली नाही. खरे स्थित्यंतर घडले ते तिच्या इंजिनात.

पूर्वपीठिका

नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो या कंपनीची स्थापना केली. हॅम्बुर्गच्या 'टेम्पो' कारखान्याच्या सहकार्याने तिने तीनचाकी मालवाहने बनवण्यास आरंभ केला. हे व्यापारी नाव मराठीत इतके मुरले की कोणत्याही लहान मालवाहू गाडीला 'टेम्पो' म्हणण्याचा प्रघात पडला. २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले.

ट्रॅव्हलर ही मूळची मर्सिडीझ-बेंझच्या 'टी १' या व्हॅनची भारतीय आवृत्ती होय. जर्मनीत त्या व्हॅनचे उत्पादन १९७७ ते १९९५ या काळात झाले. तिच्यासोबत ओएम ६१६ हे चार सिलिंडरांचे, सुमारे २.४ लिटरचे इंजिनही भारतात आले. कंपनीने ते परवान्याखाली येथेच बनवले आणि ट्रॅक्स, गुरखा या इतर गाड्यांतही बसवले.

जुने इंजिन

ओएम ६१६ मध्ये डिझेल थेट सिलिंडरात न फवारता आधी एका लहान पूर्वकक्षात फवारले जाई. तेथे पेटलेला वायू मुख्य सिलिंडरात शिरे. या पद्धतीने इंजिनाचा आवाज मऊ राहतो. मात्र उष्णता वाया जाते आणि इंधन अधिक लागते. जर्मन व्हॅनमध्ये या इंजिनाची शक्ती आरंभी ६५ व पुढे ७२ अश्वशक्ती होती आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १३७ न्यूटन मीटर होता. पूर्ण शक्ती मिळवण्यासाठी त्याला मिनिटाला ४,००० हून अधिक फेरे घ्यावे लागत. भरलेल्या गाडीने घाट चढताना चालकास वारंवार खालचा गिअर टाकावा लागे. असे असूनही हे इंजिन चिवट होते. त्यात विजेवर चालणारे नियंत्रण नसल्याने रस्त्याकडेच्या गॅरेजातही ते उघडून दुरुस्त करता येई. गाडीच्या लोकप्रियतेत या गुणाचा वाटा मोठा आहे.

नवे इंजिन

पुढील २.६ लिटरचे इंजिन हे जुन्याचेच वाढवलेले रूप आहे. सिलिंडरचा व्यास तसाच ठेवून दट्ट्याची धाव वाढवल्याने त्याचे आकारमान २,५९६ घन सेंटिमीटर झाले. पूर्वकक्ष जाऊन डिझेल थेट सिलिंडरात फवारले जाऊ लागले व टर्बोचार्जरची जोड मिळाली. त्यानंतर 'कॉमन रेल' पद्धती आली.

जुन्या पंपाचा दाब इंजिनाच्या गतीवर अवलंबून असे. इंजिन मंद फिरत असले की फवारा दुबळा पडे. कॉमन रेलमध्ये १,००० बारहून अधिक दाबाचे डिझेल एका सामाईक नळीत सदैव साठलेले असते आणि संगणक प्रत्येक इंजेक्टर नेमक्या क्षणी उघडतो. प्रवासी मोटारींत ही पद्धती १९९७ मध्ये आली.

भारत स्टेज ६ मानकांच्या ट्रॅव्हलरमध्ये हे इंजिन सुमारे ११५ अश्वशक्ती आणि ३५० न्यूटन मीटर टॉर्क देते. हा टॉर्क १,४०० फेऱ्यांपासूनच मिळतो. त्या गतीला निघणारी शक्ती सुमारे ७० अश्वशक्ती भरते. जुने इंजिन जी शक्ती धापा टाकत देई, जवळपास तितकी नवे इंजिन सावकाश फिरतानाच देते. घाटातील प्रवासात प्रवाशांना फरक जाणवतो तो यामुळेच.

गिअरबॉक्स

टॉर्क अडीचपट झाल्यावर जुना गिअरबॉक्स पुरेसा ठरत नाही. क्लच, शाफ्ट व दात हे सर्वच अधिक भार पेलणारे लागतात. म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा विचार नेहमी जोडीने करावा लागतो. ट्रॅव्हलरमध्ये हाताने टाकायचे पाच गिअरच कायम राहिले. २०२२ मध्ये आलेल्या 'अर्बेनिया' या नव्या बांधणीच्या व्हॅनलाही आरंभी तीच व्यवस्था होती.

युरोपात मात्र वेगळी वाट धरली गेली. फोक्सवागनने २००९ मध्ये ट्रान्सपोर्टर व्हॅनला नवी २ लिटरची कॉमन रेल इंजिने दिली व अधिक शक्तीच्या गाड्यांसाठी सात गिअरांचा, दुहेरी क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स उपलब्ध केला. त्यात विषम क्रमांकाचे गिअर एका क्लचवर व सम क्रमांकाचे दुसऱ्यावर असतात. एक सुटताक्षणी दुसरा जुळतो आणि ओढ तुटत नाही. भारतात भाड्याच्या गाडीचे गणित किंमत व दुरुस्तीखर्च यांवर बेतलेले असल्याने अशा गिअरबॉक्सला येथे फारसा वाव मिळालेला नाही.

प्रदूषण मानके व देखभाल

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ मानके लागू झाली आणि डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आली. गंधक कमी असल्याखेरीज धूर शुद्ध करणारी उपकरणे टिकत नाहीत. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराची गणना मानवी कर्करोगास कारणीभूत घटकांत केली. रोज मुले नेणाऱ्या गाडीबाबत ही बाब दुय्यम मानता येणार नाही.

धुरातील काजळी गाळणीत अडकते आणि धूर पुरेसा तापला की जळून जाते. लांब पल्ल्याच्या गाडीत हे आपोआप घडते. घर ते शाळा अशा थांबत-थांबत होणाऱ्या लहान फेऱ्यांत धूर तापतच नाही, गाळणी तुंबते आणि इंजिनाची शक्ती घटते. अशा गाडीला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग चालवणे हा साधा उपाय आहे. गाळणी काढून टाकण्याचा सल्लाही कोठे कोठे दिला जातो. तो बेकायदेशीर असून त्यामुळे मुलांच्या श्वासात पुन्हा तीच काजळी जाते. दोष शोधण्यासाठी आता संगणकीय स्कॅनर लागतो, आणि तो ज्या गॅरेजांना परवडला नाही त्यांच्या हातून हे काम गेले आहे.