दोन वह्यांची एक वही

आपल्या पेढ्यांवरील तरुण मंडळी हल्ली जमाखर्चाबरोबर संगणकाची भाषाही शिकू लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. त्यांपैकी पायथन ही भाषा नवशिक्यांस विशेष सुलभ आहे. ती ग्विडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केली. तिच्यातील ‘डिक्शनरी’ म्हणजे आपली खतावणीच म्हणावयाची. डावीकडे नाव, त्यासमोर आकडा, आणि एका नावाचे खाते एकच.

प्रश्न उद्भवतो तो दोन वह्या एकत्र करताना. समजा, जुन्या वखारीच्या वहीत तूर ८० पोती व मूग ४० पोती आहेत. नव्या वखारीच्या वहीत मूग २५ व हरभरा ६० आहेत. एकूण पोती २०५. त्या एकत्र करण्याचे मार्ग तीन. ‘अपडेट’ म्हटल्यास दुसरी वही पहिलीत उतरते व पहिली वही कायमची बदलते. २०१५ च्या ३.५ आवृत्तीपासून महिरपी कंसात प्रत्येक वहीच्या नावामागे दोन तारका देऊन तिसरी वही निर्माण करता येते. ऑक्टोबर २०२० च्या ३.९ आवृत्तीपासून दोन नावांमध्ये एक उभी रेघ दिली तरी तेच कार्य होते. या दोन्ही मार्गांत मूळ वह्या शाबूत राहतात.

परंतु तिन्ही मार्गांचा नियम एकच: नाव दोन्हीकडे असल्यास मागाहून आलेला आकडा राहतो व आधीचा पुसला जातो. आपल्या उदाहरणात मूग २५ च उरतो आणि एकूण पोती १६५ होतात. चाळीस पोती नाहीशी झाली, तरी यंत्र अवाक्षर काढीत नाही! कालच्या दरपत्रकावर आजचे दर चढवावयाचे असतील तर हाच नियम योग्य. शिलकीस व उधारीस मात्र तो घातक होय.

तेथे बेरीज हवी. दुसऱ्या वहीतील एकेक नाव घ्यावे. ‘गेट’ या साधनाने पहिल्या वहीतील त्याचा आकडा मागावा, नाव नसल्यास शून्य धरावे, आणि नवा आकडा त्यात मिळवून लिहावा. ‘काउंटर’ नावाची तयार वहीही अशी बेरीज करते. मात्र दोन काउंटरांमध्ये अधिकचे चिन्ह घातल्यास शून्य व उणे आकडे गळून पडतात. ज्या गिऱ्हाइकाची आगाऊ रक्कम आपण उणे लिहितो, त्याचे खातेच त्यामुळे लोपेल. काउंटरचे ‘अपडेट’ वापरल्यास ते टिकते. कारण तेथे अपडेट पुसत नाही, मिळविते.

आणखी एक. ‘तूर’ व ‘तुर’ ही यंत्रास दोन निराळी नावे आहेत. म्हणून नावे आधी एकसारखी करून घ्यावीत.

आमची तरुणांस एवढीच सूचना आहे की, वह्या जोडण्यापूर्वी दोहोंची बेरीज मांडावी व जोडल्यावर ताळा पाहावा. यंत्र सांगितले तेवढेच करते. कोणता आकडा राखावयाचा आणि कोणता मिळवावयाचा, हे ठरविणे व्यापाऱ्याचेच काम आहे.