हिरवा बेदाणा भारी की काळा? सांगली आणि ग्रीसचं कनेक्शन समजून घ्या

क्रांती चौकातून गुलमंडीच्या बाजारात जा आणि बेदाणे मागा. पहिला प्रश्न येणार, "हिरवे देऊ की काळे?" बहुतेक लोक हिरवे घेतात. हिरवा म्हणजे ताजा आणि चांगल्या प्रतीचा, असा सरळ हिशोब असतो. पण खरंच तसं आहे का?

आधी नावाचा अर्थ

'बेदाणा' हा फारसी शब्द. बे म्हणजे विना, दाणा म्हणजे बी. थोडक्यात, बिनबियांचं द्राक्ष वाळवलं की झाला बेदाणा.

इथून जवळच असलेल्या दौलताबादच्या द्राक्षांचं कौतुक इब्न बतूतानं चौदाव्या शतकातच लिहून ठेवलंय. पण आजचा बेदाणा ज्या वेलीपासून होतो, ती दुसऱ्या वाटेनं आली. ग्रीस आणि तुर्कस्तानात जिला 'सुलताना' म्हणतात, तीच वेल 1870 च्या दशकात विल्यम थॉम्पसननं कॅलिफोर्नियात लावली आणि तिचं नाव 'थॉम्पसन सीडलेस' पडलं. महाराष्ट्रात हीच जात रुजली. तासगाव तालुक्यात तिच्यातूनच 'तास-ए-गणेश' हा वाण निवडला गेला.

म्हणजे सांगलीचा बेदाणा आणि क्रीट बेटावरचा सुलताना हे सख्खे भाऊबंद.

वाळवायची युक्तीसुद्धा तीच

द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. तो आतलं पाणी बाहेर पडू देत नाही. म्हणून भूमध्य समुद्राच्या काठावरचे शेतकरी द्राक्षं राखेच्या क्षारयुक्त पाण्यात तेल घालून बुडवायचे. कोलुमेला या रोमन लेखकानं पहिल्या शतकातच अशी कृती लिहिली आहे. क्रीटमध्ये त्यासाठी पोटॅशियम कार्बोनेट आणि ऑलिव्ह तेल वापरतात.

सांगलीत काय करतात? पोटॅशियम कार्बोनेट आणि 'डिपिंग ऑइल'. या तेलात असतं इथाइल ओलिएट. ते ज्या ओलेइक आम्लापासून बनतं, तोच ऑलिव्ह तेलाचा मुख्य घटक!

मग रंग का बदलतो?

फरक आहे उन्हाचा. ग्रीसमध्ये द्राक्षं उघड्या उन्हात वाळवतात, त्यामुळे ती सोनेरी-तपकिरी होतात. सांगलीत जाळीच्या रॅकवर, शेडनेटच्या सावलीत साधारण 12 ते 15 दिवस वाळवतात, म्हणून हिरवटपणा टिकतो. रंग उजळ राहावा म्हणून अनेकदा गंधकाची धुरीही देतात.

ग्रीसचे काळे, बारीक 'करंट' मात्र वेगळ्या जातीच्या काळ्या द्राक्षांचे. कॉरिंथ शहराच्या नावावरून त्यांना हे नाव मिळालं.

म्हणजेच रंगावरून द्राक्षाची जात आणि वाळवण्याची पद्धत कळते. बेदाणा पौष्टिक आहे की नाही, हे रंग सांगत नाही.

शेतकऱ्यासाठी मात्र रंग म्हणजे पैसा

एक किलो बेदाण्याला साधारण चार किलो द्राक्षं लागतात. फेब्रुवारी ते एप्रिल हा हंगाम. तासगाव, कवठेमहांकाळ, जत भागातली कोरडी हवा यासाठी उत्तम. पण रॅकवर माल असताना अवकाळी पाऊस आला, हवेत ओल वाढली, की बेदाणा काळा पडतो, बुरशी धरतो. सौद्यात हिरव्या मालाला चढा दर आणि डागी मालाला पडता. वर्षभराची मेहनत त्या पंधरा दिवसांवर अवलंबून असते. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी आभाळाची धास्ती काही संपलेली नाही.

घेताना काय बघाल?

बेदाणा मऊ, कोरडा आणि आंबट वास नसलेला असावा. अगदीच चमकदार, एकसारखा रंग दिसला तर पाकिटावर 'सल्फर डायऑक्साइड' किंवा 220 हा क्रमांक आहे का, ते वाचा. दमा असलेल्यांपैकी काहींना त्याचा त्रास होतो. आणि मधुमेह असेल तर रंग कुठलाही असो, प्रमाण सांभाळा, कारण बेदाण्यात निम्म्याहून जास्त साखरच असते.

बाकी थोडा तपकिरी बेदाणा दिसला म्हणून लगेच नाक मुरडू नका. त्याला फक्त ऊन जरा जास्त लागलेलं असू शकतं.