क्लच बदलायचा, तोही घरी?

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किकने सुरू होणारी चारचाकी घडवली. २०२२ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. अशा हातांना क्लच म्हणजे किरकोळ काम. बाकीच्यांनी आधी तो समजून घ्यावा.

फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यात क्लच प्लेट घट्ट दाबलेली असते. पेडल दाबलं की पकड सुटते. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढताना हाफ क्लचवर गाडी रेटली, की प्लेट घसरते, घर्षणाने तापते, करपल्याचा वास येतो. स्पोर्ट्स कारमध्ये टॉर्क जास्त, म्हणून पकडही जबर लागते, तत्त्व तेच.

क्लच बदलताना खरी मेहनत गिअरबॉक्स उतरवण्याची. तो खाली आलाच आहे तर पेडल दाबल्यावर पकड सोडवणारं रिलीज बेअरिंगही बदलावं. तिथे पैसे वाचवणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. नवी प्लेट अलाइनमेंट टूलने बरोब्बर मधोमध बसवावी, नाहीतर गिअरबॉक्सचा शाफ्ट आत जातच नाही. प्लेटला ग्रीसचा हात लावू नका. आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नका. भक्कम स्टँड लावाच.