सेल्युलाइट

सेल्युलाइट म्हणजे त्वचेवर, विशेषतः मांड्या व नितंबांवर, दिसणारा खळगेदार उंचसखलपणा होय. पौगंडावस्थेनंतर सुमारे ८० ते ९० टक्के स्त्रियांमध्ये तो कमी-अधिक प्रमाणात आढळतो. पुरुषांमध्ये तो क्वचित दिसतो. सेल्युलाइट हा आजार नसून त्याने आरोग्यास अपाय होत नाही.

== रचना ==
त्वचेच्या खाली मेदाचा थर असतो. कोलॅजेनयुक्त तंतूंचे पट्टे या थरातून जाऊन त्वचेला खालच्या ऊतींशी बांधून ठेवतात आणि मेदाचे लहान कप्पे पाडतात. पट्टे त्वचेला खाली ओढतात, तर मधला मेद वर फुगतो. कापसाच्या गादीला टाके घातल्यावर टाक्याची जागा आत जाते व भोवतालचा कापूस वर येतो, तसाच हा प्रकार असतो.

स्त्रियांमध्ये हे पट्टे बहुधा त्वचेला लंबरूप असतात, त्यामुळे मेद सहज वर सरकतो. पुरुषांमध्ये ते तिरपे व एकमेकांना छेदणारे असतात आणि त्वचाही जाड असते. म्हणून मेद जागीच राहतो.

== कारणे ==
आनुवंशिकता, इस्ट्रोजेन हे संप्रेरक आणि वयानुसार पातळ होणारी त्वचा ही प्रमुख कारणे मानली जातात. वजन वाढल्यास खळगे ठळक होतात. तथापि सडपातळ स्त्रियांमध्येही सेल्युलाइट आढळतो. त्यामुळे तो केवळ लठ्ठपणाचे लक्षण ठरत नाही.

== इतिहास ==
ही संज्ञा १९२० च्या दशकात फ्रेंच वैद्यकीय लेखनात आली. १९६८ मध्ये 'व्होग' मासिकातील लेखामुळे ती अमेरिकेत लोकप्रिय झाली व सौंदर्यप्रसाधनांच्या बाजारपेठेने ती उचलून धरली. १९७८ मध्ये न्यूर्नबर्गर व म्युलर या जर्मन संशोधकांनी ऊतींची तपासणी करून स्त्री-पुरुषांतील वरील फरक मांडला आणि सेल्युलाइट हा 'शोधून काढलेला' आजार असल्याचे म्हटले. त्यांच्या प्रतवारीनुसार पहिल्या अवस्थेत त्वचा चिमटीत धरल्यावरच, दुसऱ्या अवस्थेत उभे असताना व तिसऱ्या अवस्थेत आडवे झाल्यावरही खळगे दिसतात.

== उपचार ==
सेल्युलाइट कायमचा नाहीसा करणारा उपचार उपलब्ध नाही. मलमे व मालिश यांचा परिणाम अल्प आणि तात्पुरता असतो. मेदशोषण शस्त्रक्रियेने पट्ट्यांचा ताण जात नाही. काही वेळा खळगे अधिक उठून दिसतात. ताणलेले पट्टे सुईसारख्या उपकरणाने छेदल्यास निवडक खळगे दीर्घकाळ कमी होऊ शकतात. कोलॅजेनचे विघटन करणाऱ्या एका इंजेक्शनला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली होती. मात्र त्वचेवर उमटणारे काळे-निळे डाग व दीर्घकाळ टिकणारा रंगबदल यांमुळे उत्पादकाने २०२२ मध्ये ते बंद करण्याचा निर्णय घेतला.

== सेल्युलायटिसशी गल्लत ==
नामसाधर्म्यामुळे सेल्युलाइट व सेल्युलायटिस यांत गल्लत होते. सेल्युलायटिस हा त्वचेचा व त्याखालील ऊतींचा जीवाणुजन्य संसर्ग आहे. त्यात त्वचा लाल, गरम, सुजलेली व वेदनादायक होते आणि तापही येऊ शकतो. त्यावर प्रतिजैविकांचे उपचार तातडीने आवश्यक असतात. विलंब झाल्यास संसर्ग रक्तात पसरून जीवघेणा ठरू शकतो.