मागून खडखड येते, पण नेमकी कुठून?

बेसा, घोगली, पिपळा, बेलतरोडी या आपल्या पट्ट्यात गटाचा माल बाजारात न्यायला, लग्नघरी जेवणाची पातेली पोचवायला, नाहीतर मुलांना शाळेत सोडायला जुनी मारुती व्हॅन फार उपयोगी पडते. ही गाडी १९८४ साली बाजारात आली, पुढे तिला ओम्नी म्हणू लागले, आणि २०१९ मध्ये ती बनवणं बंद झालं. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी जुनीच. आणि जुन्या ओम्नीची नेहमीची तक्रार एकच असते: मागून आवाज येतो.

या आवाजावर दोन उत्तरं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, “जुनी आहे, वाजणारच.” दुसरं गॅरेजमधून येतं, “ताई, मागचं सगळंच बदलावं लागेल.” पहिल्या उत्तरात जिवाला धोका, दुसऱ्यात गटाच्या पैशाला. म्हणून आज आम्ही सांगणार आहोत ते एवढंच: आधी आवाजाचं ठिकाण शोधायचं, मग पैसे काढायचे. ठिकाण शोधायला शिंप्याची टेप, पाण्याची बाटली, मोबाईलची बॅटरी आणि दोन मैत्रिणी पुरतात.

मागच्या चाकाजवळ असतं तरी काय?

चाकाच्या मागून वाकून बघा. दोन्ही चाकांना जोडणारा एक जाड लोखंडी नळा दिसेल. गॅरेजवाले त्याला हाऊसिंग म्हणतात. तो दोन्ही बाजूंना पाट्यांच्या थरावर बांधलेला असतो. पाटा म्हणजे कमानीसारखी वाकवलेली पोलादाची पट्टी. जुन्या टांग्यालाही असेच पाटे असत. सगळ्यात लांब पाट्याची दोन्ही टोकं गोल वळवलेली असतात. पुढचं टोक गाडीच्या सांगाड्याला एका जागी धरलेलं असतं. मागचं टोक मात्र एका लोंबत्या जोडावर असतं, त्याला शॅकल म्हणतात. कारण सोपं आहे. वजन पडलं की कमान सपाट होते आणि पाटा थोडा लांबतो. त्याला सरकायला जागा हवी, ती शॅकल देते. दोन्ही टोकांत रबराचे बुश असतात, लोखंडाला लोखंड घासू नये म्हणून.

पाटे आणि हाऊसिंग घट्ट बांधून ठेवतात ते यू आकाराचे बोल्ट. पाट्यांच्या मधोमध आरपार एक सेंटर बोल्ट असतो, तो हाऊसिंगला आपल्या जागेवरून हलू देत नाही. शेवटचा गडी म्हणजे शॉकअप. तेल भरलेली ही नळी धक्का बसल्यावर गाडीला झोके घेऊ देत नाही. वजन उचलायचं काम पाट्यांचं, झोका थांबवायचं काम शॉकअपचं. ही वाटणी लक्षात ठेवली तर निम्मी फसवणूक टळते. गाडी मागून बसली असेल तर नुसते शॉकअप बदलून ती उठणार नाही, आणि गाडी झोके घेत असेल तर जादा पाटा टाकून ते थांबणार नाहीत.

आपल्याकडे हे भाग लवकर का झिजतात? आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्यावरचा रस्ता कडेने खचतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या उष्णतेने रबर कडक होतं आणि चिरतं. वरून धूळ, गतिरोधक आणि भरलेली गाडी.

आधी गाडी रिकामी करा

हे सगळ्यात स्वस्त काम, आणि तेच बहुतेक जण विसरतात. जॅक, पाने, स्टेपनी, रिकामे डबे, सैल सीट, मागच्या दाराचं कुलूप, हे सगळं अगदी पाट्यासारखं वाजतं. सायलेन्सर रबरी कड्यांवर टांगलेला असतो. एक कडं तुटलं तरी तो खालून ठोके देतो. सुटं सामान काढा, मागचं दार हाताने हलवून बघा, आणि गार गाडीचा सायलेन्सर कापडाने धरून हलवा. मग ओळखीच्या खराब रस्त्यावरून बैलगाडीच्या चालीने एक फेरी मारा. काचा खाली, आणि रेडिओ बंद. हो, आमचासुद्धा. एक जण मागे बसून ऐकेल. तीच फेरी पुन्हा मागे तीन-चार जणी बसवून मारा. आवाज रिकाम्या गाडीत जास्त की भरलेल्या, डावीकडे की उजवीकडे, खड्ड्यात की ब्रेक लावताना, हे कागदावर लिहा. गॅरेजमध्ये “आवाज येतो” म्हणण्यापेक्षा हा कागद जास्त कामाचा.

आवाजावरून ओळख

कुईकुई, करकर. गतिरोधकावर हळू चढताना येते आणि पाऊस पडला की गायब होते. हे कोरडे बुश किंवा एकमेकांवर घासणारे गंजके पाटे. गाडी उभी करून दोघींनी मागचा बंपर वरखाली दाबावा. तिसरीने पाण्याची धार आधी मागच्या शॅकलवर, मग पुढच्या टोकावर, मग पाट्यांच्या मध्यावर आणि शॉकअपच्या टोकांवर सोडावी. एका वेळी एकच जागा भिजवा. जिथे पाणी पडताच कुरकुर थांबली, तीच जागा. या आवाजाला घाई नाही, पण बुश संपत आला असल्याची ती पहिली सूचना असू शकते.

बारीक खडखड. खडीवरून जाताना डब्यात खडे हलवल्यासारखी. बहुधा शॉकअपच्या टोकाचं रबर गेलेलं असतं, नाहीतर शॅकलचा बुश झिजून बोल्ट भोकात खेळत असतो. गाडी उभी असताना शॉकअप हाताने धरून जोरात हलवा. खटखट जाणवली तर रबर गेलं. शॅकलसाठी दोघींनी गाडी दाबावी आणि तिसरीने बोल्टाच्या डोक्यावर बोट टेकवून ठेवावं. ठोका बोटाला कळतो. बोट फटीत मात्र घालू नका.

मोठा धडाका. भरलेली गाडी खड्ड्यात गेली की “धाडकन” आवाज. म्हणजे पाटे इतके दबतात की हाऊसिंग वर जाऊन आदळतं. तिथे एक ठोकळ्यासारखं रबर असतं, ते फाटलं किंवा पडलं असेल. नाहीतर पाट्यांची कमानच गेली असेल. इथे टेप काढा. सपाट जागी रिकामी गाडी उभी करा, दोन्ही टायरांत हवा सारखी आहे ना ते बघा, आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत दोन्हीकडे मोजा. दोन बोटांचा फरक असेल तर खाली गेलेल्या बाजूचे पाटे एकेक करून बॅटरीने तपासा. ताजी तूट चकाकते, जुनी तूट गंजाची आडवी रेघ दाखवते.

ब्रेक लावताना किंवा गाडी सुटताना एकच “ठक्”. हा आवाज हलक्यात घेऊ नका. यू बोल्ट सैल असतील, सेंटर बोल्ट तुटला असेल, किंवा पाट्याच्या पुढच्या टोकाचा बुश पार गेला असेल. ओम्नीला ताकद मागच्या चाकांना मिळते, त्यामुळे इंजिनाकडून मागे येणाऱ्या लांब शाफ्टचा क्रॉसही असा वाजतो. यू बोल्टांजवळ लालसर गंजाची पूड दिसली तर तिथे लोखंड लोखंडावर सरकतंय असं समजा. पुन्हा टेप घ्या. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंना मोजा. बोटभर फरक आला तर हाऊसिंग एका बाजूला सरकलं आहे. अशी गाडी ब्रेक लावल्यावर तिरकी जाऊ शकते. तिच्यात मुलं बसवायची नाहीत, माल भरायचा नाही. ती हळू चालवतसुद्धा नेऊ नका, मेकॅनिकला जागेवर बोलवा.

वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं आणि ब्रेक दाबल्यावर येणारी खरखर, हे आवाज पाट्यांचे नव्हेत. पहिला बेअरिंग, टायर किंवा गिअरचा, दुसरा ब्रेक लायनरचा. दुरुस्ती त्यांनाही हवी, पण त्यासाठी पाटे खोलू देऊ नका.

शॉकअपची एक परीक्षा सगळ्यांना माहीत असते: मागचा कोपरा तीनदा दाबून सोडायचा. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक, डुलत राहिली तर शॉकअप गेला. पण पाटे गंजून एकमेकांना धरून बसले असतील तर शॉकअप मेलेला असूनही गाडी डुलत नाही. म्हणून शॉकअपवर तेलाचा ओला ओघळ आहे का, तेही बघा. असेल तर तो संपला.

या चार गोष्टी करू देऊ नका

पहिली, पाट्यांवर जळकं काळं ऑइल ओतणं. आवाज आठवडाभर थांबतो, पण तेलाने रबराचे बुश फुगून मऊ पडतात आणि तेलावर बसलेली धूळ कानशीसारखी पाटे झिजवते. हे तेल ब्रेक लायनरवर गेलं तर ब्रेक धरणार नाही. पाटे खोलून, घासून, मध्ये ग्रॅफाइटचं ग्रीस लावणं हा खरा उपाय.

दुसरी, तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग करणं. पाट्याचं पोलाद तापवून, विझवून, ठरावीक पाणी दिलेलं असतं, म्हणून ते वाकून परत येतं. वेल्डिंगच्या उष्णतेने ते पाणी उतरतं आणि पाटा शेजारीच पुन्हा तुटतो. बसलेल्या पाट्यांना पुन्हा कमान देऊन मिळते, पण त्यातही पाणी नीट दिलेलं हवं, नाहीतर महिन्या-दोन महिन्यांत कमान परत बसते.

तिसरी, गाडी जॅकवर लटकत असतानाच बुशचे बोल्ट शेवटचे आवळणं. बोल्ट हाताने बसवून घ्यावेत, गाडी चाकांवर उभी करावी, आणि मग पूर्ण आवळावेत. लटकत्या स्थितीत आवळलं की गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि नवा बुशही लवकर फाटतो. एवढं एक वाक्य मेकॅनिक भाऊंना सांगा: “भाऊ, शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर टेकल्यावर करा.”

चौथी, एकाच बाजूचं काम. बुश दोन्हीकडचे आणि शॉकअप जोडीनेच बदलावेत. नाहीतर एक बाजू कडक आणि एक ढिली राहते.

स्वतः बघताना एक नियम मोडायचा नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही, विटांच्या आधारावर तर नाहीच. आज सांगितलेली सगळी तपासणी गाडी चारही चाकांवर, सपाट जागी, हँडब्रेक ओढून आणि चाकांना दगडांची ओट लावून, बाजूला बसून होते.

मारुती ८०० किंवा जुनी अल्टो असेल तर तिला मागे पाटे नसतात, गोल स्प्रिंग असते. तिथे हाऊसिंगला पुढून धरणाऱ्या दांड्यांचे आणि आडव्या दांडीचे बुश तपासावेत. रिकामं करणं, ऐकणं, दाबणं, पाणी सोडणं हा क्रम तोच. बोलेरो आणि टाटा एसला मात्र पाटेच असतात, त्यामुळे वरचं बरंचसं तिथेही लागू पडतं.

पैसे काढताना

खर्चाचा क्रम असा: आधी रबर, मग शॉकअप, मग पाटे. खालच्या पायरीवर काम होत असेल तर वरची चढू नका. अंदाजपत्रक कागदावर घ्या. काढलेले जुने भाग परत मागा. झिजलेला बुश हातात घेतला की पैसे कुठे गेले ते सभेत कुणालाही दाखवता येतं. दुरुस्तीची तारीख, किलोमीटर आणि काय बदललं हे गटाच्या वहीत लिहा. पाटे खोलले असतील तर आठवड्याभराने यू बोल्ट पुन्हा आवळून घ्या. नवे पाटे बसतात आणि बोल्ट ढिले पडतात. खासगी गाडीला १५ वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, त्यानंतर दर ५ वर्षांनी. त्या वेळी गाडी तपासली जाते, तेव्हाही ही वही आपल्याच उपयोगाची.

पुढे आवाज येऊ नये म्हणून जड पोती अगदी मागच्या दाराशी न ठेवता मधल्या सीटजवळ ठेवा. मागच्या चाकांच्या पलीकडे गेलेलं वजन पाट्यांना जास्त जड जातं. टायरात हवा कंपनीने सांगितली तेवढीच भरा. जास्त हवेचा प्रत्येक ठोका बुशवर जातो. आणि पावसाळा संपला की चिखल पाण्याने धुऊन वर्षातून एकदा दोन्हीकडचे पाटे, बुश आणि यू बोल्ट डोळ्यांखालून घाला.

येत्या मासिक सभेला गाडी अंगणात उभी करा. दोघींनी दाबा, एकीने पाणी सोडा, एकीने टेप धरा, बाकीच्यांनी कान द्या. काय सापडलं ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी ब्रेकबद्दल बोलू. तोवर नमस्कार.