वेताळाची गादी कोणाला?

चित्रकथांतील वीरपुरुषांचा विषय निघाला की बहुतेकांच्या ओठांवर सुपरमॅन आणि बॅटमॅन ही नावे येतात. परंतु ली फॉक यांचा ‘फँटम’, म्हणजे आपला वेताळ, या दोघांहून वयाने मोठा आहे. वेताळ 17 फेब्रुवारी 1936 रोजी वृत्तपत्रात प्रथम अवतरला. सुपरमॅन 1938 मध्ये आला, तर बॅटमॅन 1939 मध्ये. वेताळाची मालिका अजूनही चालू आहे. मी आठ वर्षांची असल्यापासून त्याच्या कथा वाचते. म्हणून तिच्यातील एका प्रश्नाविषयी चार शब्द लिहिण्याचे धाडस करते.

आमचे आजोळ बेळगावचे. तेथे मामाच्या पेटीत ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे जुने अंक होते, काही मराठी, काही कन्नड. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशन संस्थेने मार्च 1964 मध्ये इंद्रजाल सुरू केले आणि 1990 मध्ये ते बंद पडले. म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधीच! सुट्टी संपवून सिल्वासाला परतताना दोनचार अंक माझ्या पिशवीत हमखास असत. पुढे मूळ इंग्रजी मालिका वाचू लागले.

‘फँटम’ला मराठीत ‘वेताळ’ म्हणणे मला फार समर्पक वाटते. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाचा राखणदार. तो रात्री गावाची फेरी करतो व चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. म्हणून भक्त त्याला नव्या वहाणा वाहतात. चित्रकथेतला वेताळही असाच जंगलाची राखण करीत हिंडणारा आहे.

वेताळाला दैवी शक्ती मुळीच नाही. गोळी लागली तर तो मरतो. मग लोक त्याला अमर का समजतात? 1536 मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून वाचून किनाऱ्याला लागलेल्या एका तरुणाने बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून अन्यायाशी लढण्याची शपथ घेतली. तो मेल्यावर मुलाने तोच वेष चढवला, पुढे नातवाने. आजचा वेताळ एकविसावा. मुखवटा तोच, अंगठी तीच. लोकांना वाटते माणूसही तोच.

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना ही कल्पना नवी नाही. कंपनी कायद्यात ‘अखंड अस्तित्व’ हे कंपनीचे एक लक्षण शिकवतात. सभासद येतात, जातात, मरतात. कंपनी चालूच राहते. वेताळ ही अशीच एक कंपनी होय. कवटीची खूण हा तिचा शिक्का, चारशे वर्षांचा दरारा हे तिचे नाव आणि पत. कवटीच्या गुहेत प्रत्येक वेताळाने लिहिलेल्या बखरी आहेत. त्या या पेढीच्या कीर्दखतावण्याच समजा. जंगल गस्ती दलाला तर आपला सेनापती कोण हेही ठाऊक नसते. तिजोरीत हुकूम सापडतो आणि काम होते!

मात्र या कंपनीत एक मोठी मेख आहे. तिचा भागधारक एकच, आणि तो मुलगाच असावा लागतो. वारस नसला की कारभार आटोपला. फॉक यांनी 1977 मध्ये वेताळाचे डायनाशी लग्न लावले आणि नंतर त्यांना जुळी मुले दिली. मुलगा किट आणि मुलगी हेलोईज. फॉक 1999 मध्ये वारले. त्यांच्यानंतर कथा लिहिणाऱ्या टोनी डीपॉल यांनी नेमके या मेखेवर बोट ठेवले आहे. 2021 मध्ये सुरू झालेल्या प्रदीर्घ कथेत म्हातारा मोझ वेताळाला भविष्य सांगतो की, सवर्णा देवी नावाच्या कैदी स्त्रीला तुरुंगातून सोडवशील तर तुझ्या घराण्याचा सर्वनाश होईल. कर्तव्य की वंश? उत्तर येथे सांगून वाचणाऱ्याची मजा घालवीत नाही.

मला अधिक कुतूहल हेलोईजचे आहे. किट हिमालयातील मठात शिकत असताना इकडे शाळकरी हेलोईजने नोमॅड नावाच्या दहशतवाद्याला धरून दाखवले. पूर्वीचा दाखलाही आहे. 1952 च्या एका कथेत सतराव्या वेताळाची बहीण ज्युली भावाच्या जागी मुखवटा चढवून जंगल सांभाळते. असे असूनही गादीचा विषय निघाला की नाव किटचेच!

माझ्या वडिलांचे सिल्वासात किराणा दुकान आहे. आम्ही दोघी बहिणीच. गिऱ्हाइके विचारतात, “शेठ, पुढे दुकान कोण बघणार?” त्या वेळी मी गल्ल्यावर बसून त्यांचेच बिल करीत असते! 2005 च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेवर मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. कायदा बदलला, गिऱ्हाइकांचा प्रश्न तोच राहिला. म्हणून हेलोईजची गोष्ट मला परकी वाटत नाही.

या मालिकेत दोष नाहीत असे नाही. गोऱ्या माणसाने आफ्रिकेच्या जंगलाचे रक्षण करावे आणि तेथल्या आदिवासींनी त्याला देव मानावे, हे चित्र 1954 पर्यंत पोर्तुगीज अंमल सोसलेल्या, आदिवासींची बहुसंख्या असलेल्या आमच्या मुलखातील वाचकाला खटकतेच. फॉक यांनी पुढे त्या देशाला लामांडा लुआगा हा कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष दिला, हे खरे. तरी कवटीचे सिंहासन एका घराण्याकडेच राहिले.

तरीही मी ही मालिका सोडलेली नाही. नव्वदीला टेकलेली मालिका स्वतःच्याच पायाविषयी प्रश्न विचारते, हे थोडे नव्हे. आपल्या कन्नड विभागातील मित्रमैत्रिणींच्या घरीही इंद्रजालचे अंक असतील. ते रद्दीत घालण्यापूर्वी एकदा चाळावेत. आणि बाविसावा वेताळ कोण असावा, हे मला जरूर कळवावे. माझे मत हेलोईजला.